काकांची गरम गाठ

या जगात गरम आणि थंड याखेरीज तिसरा प्रकारच नाही, अशी माझ्या धाकट्या काकांची पक्की खात्री आहे. पपई गरम, काकडी थंड, हे कोणीही सांगेल. पण काकांच्या मते मंगळवार गरम, पिवळा रंग गरम, आमच्या कुही गावच्या शेतातला तांदूळ थंड आणि तोच बाजारातून आणला की गरम. माणसांचंही तसंच. माझी सासू गरम, यजमान थंड, आणि "तू वं पोरी, हातात यादी असली की गरम." नागपूरच्या गांधीबागेतल्या कापडाच्या दुकानात जन्म गेल्यामुळे त्यांना आणखी एक सवय जडली आहे. समोरच्याच्या कपड्याचं टोक चिमटीत धरल्याशिवाय ते बोलायला सुरुवातच करत नाहीत. माझ्या लग्नात त्यांनी नवरदेवाचा शेला असाच चिमटीत धरला आणि सगळ्या वऱ्हाडासमोर "मिलावट हाय" असा निकाल दिला.

गेल्या उन्हाळ्यात कापड फाडताना त्यांचा हात थरथरू लागला. वजन उतरलं, गळ्यावर गाठ दिसली. स्वतःच्या गळ्यावरच्या अशाच गाठीकडे माझ्या बाबांनी दुर्लक्ष केलं होतं, आणि आता बाबा नाहीत. म्हणून मी त्याच दिवशी वही उघडली, डॉक्टरबाईंची वेळ घेतली. त्या म्हणाल्या, "थायरॉईडचा स्कॅन करू. शिरेतून औषध देतात, त्यातून थोडे किरण निघतात. गाठ ते औषध किती ओढते, ते कॅमेऱ्यात दिसतं. गाठ गरम आहे की थंड, ते कळेल." माझ्या यादीत चौदा प्रश्न होते; उपाशीपोटी यायचं का, गाडी कुठे लावायची, सगळे. गाठ गरम म्हणजे काय, हा एक नव्हता. गरम वाईट आणि थंड चांगलं, हे नागपूरच्या माणसाला विचारावं लागतं का?

काका लगेच कामाला लागले. आठ दिवस सब्जा, गुलकंद, गळ्याला ओला पंचा आणि खिशात कांदा. "कांद्यानं उन्हाची लू उतरते, गाठ काय चीज हाय!"

स्कॅनच्या दिवशी त्यांनी तंत्रज्ञाचा जड एप्रन चिमटीत धरला. "हे कोणत्या मिलचं होय गा?"

"काका, आत शिसं आहे."

"मंग धुतल्यावर आटते काय?"

मग आडवं होण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाले, "थंडच निघंल वं. तू काहून घाबरून राहिली?"

रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई म्हणाल्या, "गाठ गरम आहे."

मी वही मिटली. पुढे लिहायचं काय? काकांनी खिशातला कांदा काढून टेबलावर ठेवला. "आठ दिवस सब्जा खाल्ला, डॉक्टरबाई. आता मले किती दिवस हायत?"

बाईंनी कांद्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि त्यांना हसू आवरेना. "अहो काका, गरम म्हणजे जास्त काम करणारी गाठ. अशा गाठीत कर्करोग क्वचितच असतो. हात थरथरतो तो तिच्यामुळेच. उपचारानं थांबेल. थंड असती, तर मला काळजी होती."

काकांची आयुष्यभराची विभागणी एका वाक्यात उलटी झाली होती. मग त्यांनी हात लांबवून बाईंच्या पांढऱ्या कोटाचं टोक चिमटीत धरलं. "सूत अस्सल हाय."

बाहेर ऊन रणरणत होतं. मी औषधांची यादी वाचून दाखवत असताना काकांनी तो कांदा माझ्या पर्समध्ये टाकला. "मी आता आतूनच गरम हाय, मले कशाले? तू ठेव. ऊन लागंल."

शाळेत जाताना बाबा असाच माझ्या फ्रॉकच्या खिशात कांदा घालायचे, आणि मला लाज वाटायची म्हणून मी तो वळणावर फेकून द्यायची. उन्हात निघताना माझी अशी काळजी करणारं आता एकच माणूस उरलं आहे.

संध्याकाळी मनीषनगरला घरी पोचले, तर घरात कांदा संपलेला. पर्समध्ये एक होता. मी पिशवी घेतली आणि खाली उतरून दुसरे आणले.