जोतिबाच्या घाटात उलटा गिअर

मोठे टायर बसवल्यावर आमची जीप जोतिबाचा डोंगर पहिल्यांदा चढली, ती पाठमोरी.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. गडमुडशिंगीत आमच्या घरी म्हशी, थोडा ऊस आणि एक जुनी जीप. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर ती रुतायची, म्हणून मी तिला भलेमोठे, रुंद टायर बसवून आणले. जीप इतकी उंच झाली की गल्लीतली माणसं थांबून बघायला लागली. (त्यातली निम्मी मला आत चढताना बघायला थांबायची, हे नंतर कळलं.) आईचे गुडघे दुखायचे, तिला बसवायचं तर खाली स्टूल ठेवावं लागे.

"चाकं जीपला लावलीस का जीप चाकांना?" माझ्या वडिलांनी, आप्पांनी, विचारलं.

चिखलाचा प्रश्न सुटला, पण जीपची ओढ गेली. साध्या चढालाही क्लचचा जळका वास येई. उद्यमनगरातले मिस्त्री खाली वाकून बघत म्हणाले, "चाक मोठं झालं, इंजिन हाय तेवढंच. ल्हान पोरानं बापाची सायकल मारल्यागत झालंय. पुढचं-मागचं डिफरन्शियल खोलून आतलं दाताचं चाक बदलायचं, म्हंजे ओढ यील. न्हायतर जुनं टायर घाला."

घरात दोन पक्ष पडले. आप्पा जुन्या टायरांचे, मी नव्या दातांचा. माझ्या बायकोनं, सुनंदानं, "मी एस्टीनं जाईन" असं जाहीर करून तिसरा पक्ष काढला.

शेवटी आई म्हणाली, "मला जोतिबाला न्या. लई वर्सं झाली. घाट चढली तर हाय तशी ठेवू, न्हाय चढली तर बघू."

निम्मा घाट बरा गेला. मग एका वळणावर जीप थरथरली, खोकली आणि थांबली. पहिल्या गिअरातही हलेना. सुनंदानं उतरून चाकामागं दगड लावला. आप्पाही उतरले.

"आई, तू पण उतर जरा. वजन कमी हुईल," मी म्हणालो.

"स्टूल कुठाय?"

स्टूल घरी, दारात होतं.

"मग मी बसते हितंच," आई मागच्या बाकावर ऐसपैस होत म्हणाली. "चालू द्या तुमचं."

आप्पांनी जीपभोवती एक चक्कर मारली. "रिव्हर्स घाल. उलट्या गिअरला जोर जास्त असतोय."

"आप्पा, रिव्हर्स घातला तर आपण खाली पायथ्याला केर्लीत जाऊ."

"आधी गाडी फिरव, शाण्या."

रस्ता मोकळा होता, वळण रुंद होतं. जीपचं तोंड कसंबसं उताराकडं केलं, पाठ देवाकडं. रिव्हर्स टाकला आणि काय सांगू, ती गुरगुरत, पण निघाली की वर!

आता अडचण माझ्या मानेची. ती मागं वळेना, आणि आरशात आईच्या लुगड्याशिवाय काही दिसेना. मागचा रस्ता दिसत होता फक्त आईला. जन्मात सायकलला हात न लावलेली माझी आई घाटात गाडी चालवू लागली.

"डावीकडं घे. आता उजवीकडं. मागं न्हवं रं, पुढं. म्हंजे मागंच."

सुनंदा पुढं... म्हणजे मागं चालत टॉवेल हलवून गाड्या थांबवत होती. वरून आलेला एक मोटारसायकलवाला थांबला. "पावणं, चढताय का उतरताय?"

"आईला विचारा," मी म्हणालो.

जीपचा वेग इतका बेताचा होता की आप्पा शेजारून सहज चालत होते. आप्पा जन्मभर आईच्या पुढं चालले. बाजार असो, लग्न असो, ते पुढं आणि आई मागून लगबगीनं. त्या दिवशी मात्र मागच्या दांडीवर हात ठेवून ते तिच्या बरोबरीनं चालत होते.

"दमला असशीला. वर या की," आई म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. बरं वाटतंय."

थोड्या वेळानं आईचा आवाज आला, "लगीन झाल्यावर हितं आलतो, तवा तुम्ही म्होरं निघून गेलता. मी गर्दीत रडत हुते."

आप्पा जीपच्या आणखी जवळ सरकले. "मला ठावं न्हवतं गं."

"आता झालं न्हवं ठावं," आई म्हणाली आणि मला ओरडली, "डावीकडं!"

वर पोचल्यावर आप्पांनी चहाच्या टपरीवरून खुर्ची मागून आणली आणि चारचौघांत आईला हात धरून उतरवलं. सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी टायरांकडं बघितलं.

पुढच्याच महिन्यात मी दात बदलून घेतले. जीप हरणासारखी पळायला लागली. मोठ्या ऐटीत मी पुन्हा सगळ्यांना जोतिबाला काढलं. घाट सुरू झाला तशी आई म्हणाली, "थांब जरा." जीप थांबली. आप्पा उतरले आणि मागच्या दांडीवर हात ठेवून उभे राहिले.

"चल," आई मला म्हणाली. "सावकाश."

नवे दात बसवलेली जीप मी आप्पांच्या चालीनं हाकू लागलो. मागं हॉर्नचा गोंधळ उडाला. शेवटी एक टेम्पोवाला शेजारी आला. "पावणं, गाडीत बिघाड हाय व्हय?"

"न्हाय, गाडी झकास हाय," मी छाती फुगवून म्हणालो. "गिअर नवंकोरं बदलल्यात."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मग आता ड्रायव्हर बदला."