'मला'ने सुरू होणारं वाक्य

भाचीचा डबा द्यायला शाळेत गेले आणि सातवीच्या खिडकीपाशी थबकले. आत नातेसंबंधांचा तास चालू होता. पाहुण्या ताई शिकवत होत्या, "'तू अशी आहेस' म्हणायचं नाही. 'मला'ने सुरुवात करायची. मग कुणी दुखावत नाही. कोण करून दाखवेल?"

पुढच्या बाकावरची मुलगी उठली. शेजारच्या संगीताला म्हणाली, "तू घाणेरडी..." मग जीभ चावली आणि गोड आवाजात म्हणाली, "मला तुझ्याजवळ बसलं की घाण वाटतं, संगीता."

"शाब्बास! टाळ्या!"

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

आपण मोठ्यांनीही हेच केलं. शिव्या सोडल्या, शब्द धुऊन घेतले, बाक मात्र वेगळे ठेवले. घर भाड्याने नाकारताना आता कुणी जात काढत नाही. "आम्हाला जरा अवघडल्यासारखं होतं," एवढंच म्हणतात.

संगीता दप्तर उचलून मागच्या रिकाम्या बाकाकडे निघाली.

"अगं, तुला काय वाटलं ते सांग ना," ताई म्हणाल्या.

"मला काहीच वाटत नाही, ताई."

वाक्य 'मला'ने सुरू झालं होतं. ताईंनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवायला लावल्या.