पाण्याचा पॉइंट

नांदेडला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा माझा विषय लोकांना समजावून सांगूनच मी अर्धी थकले होते. नैसर्गिक संसाधनांचं प्रशासन. म्हणजे पाणी, जंगल, गायरान या सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी कोणी वापरायच्या, किती वापरायच्या, नाही कोणी म्हणायचं आणि ते ऐकायचं कोणी, याचा अभ्यास. गावाकडं कोणी विचारलं की मी हे सगळं सांगायची. समोरचा शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "म्हंजे तलाठी होणार का?" शेवटी शेवटी मी "हाव" म्हणून मोकळी व्हायला लागले.

वर्गात आम्ही मोजकेच होतो. सर मनापासून शिकवायचे, पण दुपारच्या तासाला वर पंखा कुरकुरत असायचा आणि 'सामूहिक निर्णयप्रक्रिया' हा शब्द पुन्हा आला की माझे डोळे मिटायचे. एकदा आम्हाला अर्धापूरला नेलं, केळीच्या बागांमधल्या एका पाणी वापर संस्थेची भेट म्हणून. संस्थेचा बोर्ड नवा कोरा होता. अध्यक्षांना नियम विचारले तर म्हणाले, "नियम लई हायेत, तुमी आधी केळी घ्या." आम्ही केळी खाल्ली आणि परत येऊन अहवाल लिहिला. त्या अहवालाला मला चांगले मार्क मिळाले, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

प्रबंधासाठी मी माझंच गाव घेतलं, शिरूर अनंतपाळकडचं. कारण साधं होतं, राहायला-जेवायला घर होतं. गावाच्या खालच्या अंगाला, बौद्धवाड्याला लागून, पिण्याच्या पाण्याची सरकारी विहीर आहे. नळाला पाणी येतं तेव्हा येतं. उन्हाळ्यात त्या वस्तीचं सगळं त्या विहिरीवर. आणि विहिरीला लागूनच माझ्या काकांचं शेत.

होळी झाल्यावर मला एका मैत्रिणीचा फोन आला. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. ती त्याच वस्तीत राहते, अंगणवाडीत मदतनीस आहे. म्हणाली, "तुमच्यात हिरीच्या बाजूला बोअर घेऊन राहिले म्हणं. घेतली तर आमी काय प्यावं गं?" ती भांडत नव्हती, नुसती विचारत होती. भांडली असती तर मला काहीतरी बोलता तरी आलं असतं.

मी गावी गेले. बोअर काकांना नको होती, काकांच्या मुलाला हवी होती. तो लातूरला असतो, शेत आता त्याच्या नावावर आहे आणि त्याला तिथं ऊस लावायचा होता. बोअरच्या गाडीवाल्याशी त्याचं बोलणंही झालेलं. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ठरावीक अंतराच्या आत बोअर घेता येत नाही, असा कायदा आहे. मी तो छापून नेला होता. काकांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं आणि मुलापुढं सरकवलं. चुलतभाऊ हसला. "ताई, ह्या कायद्यानं चाललं असतं तर तालुक्यात एक बोअर राहिली नसती."

खोटं काय होतं त्यात? मी कागदांची घडी घातली. एवढी दोन वर्षं मेसचं पिवळं वरण खाऊन जे शिकले ते त्याने एका वाक्यात बाजूला सारलं होतं.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मुलापुढं ते हल्ली बोलतच नाहीत फारसं. मग एकदम म्हणाले, "बोअरचा पॉइंट कोण दाखवणार?"

"बोलवू की पाणाड्याला, पाणी बघाया," चुलतभाऊ म्हणाला.

"घरची पायाळू असताना बाहेरचा कशाला? हिच्या पायाला पाणी आलं तर घ्या. न्हाई आलं तर न्हाई."

मी पायाळू आहे, म्हणजे जन्माला येताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. अशा माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं, असं आमच्याकडं मानतात. कोणाच्या कमरेत उसण भरली तर पायाळूचा पाय लावला की उतरते म्हणतात. लहानपणी मला झोपेतून उठवून शेजाऱ्यांच्या पाठीवर पाय ठेवायला नेत असत. माझ्या लाथा गावानं हक्कानं खाल्ल्या आहेत. आईला याचा फार अभिमान. मला मात्र त्या दिवशी संताप आला. कायदा सांगायला आलेल्या मुलीला हे लोक अनवाणी चालवणार होते. पण नाही म्हटलं असतं तर पाणाड्या आला असता, आणि पाणाड्या विहिरीशेजारीच थांबला असता. तिथं पाणी आहे हे सांगायला पाणाड्या कशाला हवा?

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझ्या पायांवर हळदकुंकू वाहिलं. तळहातावर नारळ आडवा ठेवला. पाणी असेल तिथं तो आपोआप उभा राहतो म्हणतात. शेत नुकतंच नांगरलेलं, ढेकळं पायांना टोचत होती आणि ऊन आतापासूनच चटकायला लागलं होतं. बांधावर काका, चुलतभाऊ आणि रिकामी माणसं. पलीकडं विहिरीवर बायका पोहरे थांबवून बघत होत्या. माझी मैत्रीण त्यांत होती. तिनं माझ्याकडं पाहून हात केला नाही.

वरच्या अंगानं सुरुवात केली. काही झालं नाही, आणि होणार नव्हतंच. हात अवघडतो, नकळत हलतो आणि लोक त्याला पाणी म्हणतात, हे मला माहीत होतं. तासाभरानं खाली विहिरीच्या बाजूला आले आणि नारळ हलला. शेंडीकडची बाजू उचलली जायला लागली. मी घाबरले. हातात काहीतरी जिवंत असल्यासारखं वाटलं, आणि जे सगळं शिकले होते ते त्या घटकेला काही उपयोगाचं नव्हतं. मी अंगठा नारळावर दाबला. जोरात दाबला आणि चालत राहिले, बांधापर्यंत.

"न्हाई," मी म्हणाले.

"कुठंच न्हाई?" चुलतभावानं विचारलं.

"कुठंच न्हाई."

तो चिडला. "नांदेडला शिकून पाय बिघडले हिचे," असं सगळ्यांपुढं म्हणाला. माणसं हसली. काका म्हणाले, "न्हाई म्हणती तर न्हाई. ठरलं होतं. चला, पोरीचे पाय पोळून राहिले." बोअरची गाडी दुसऱ्या गावाला गेली. आईनं त्या नारळाची चटणी केली, पण दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही. तिला खरंच वाटलं की माझ्यातलं काहीतरी गेलं.

नांदेडला परत येऊन मी लिहायला बसले. सरांनी मसुदा वाचला आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण गावात नियम पाळायला कोण लावतं, ते यात येत नाही." मी म्हटलं, बघते. त्यावर काय लिहिणार होते?

मे महिन्यात उरलेल्या मुलाखतींसाठी पुन्हा गेले. विहिरीतलं पाणी खाली गेलं होतं, पण तळ दिसत नव्हता. मैत्रिणीनं चहा पाजला. बोअरचा विषय तिनं काढला नाही आणि मीही नाही.

निघताना काकांनी मला मोटारसायकलवरून शिरूरच्या स्टँडवर सोडलं. बस लागायची होती. पिशवी माझ्या हातात देत ते म्हणाले, "पोरगं पुढल्या साली पुन्हा काढंल बोअरचं. मी काय म्हणू त्याला? माझं ऐकतो का तो? तूच ये पॉइंट बघाया."

"येते," मी म्हटलं.

"फकस्त नारळावर अंगठा एवढा दाबू नको. मानसं बघत असतेत."

मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. ते बसच्या पाटीकडं बघत होते. मग "चल, येतो," म्हणून गाडीला किक मारून निघून गेले. बसमध्ये जागा नव्हती. लोह्यापर्यंत उभीच होते. पाय दुखत होते, डोळे भरून येत होते, आणि पुढच्या चैत्रात सुट्टी कशी काढायची ते मी तेव्हापासूनच बघत होते.