बेण्याच्या टोपलीवर बसलेली बहीण

प्रशांत महासागरातल्या टोंगा देशाच्या एका बेटावर फुसिपाला तीस वर्षं चर्चची रविवारची शाळा घेत होती, पण घरच्याच माणसाला शास्त्र सांगायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. आज आली होती. धाकट्या भावाच्या, लोपेतीच्या, अंगणात भट्टी पेटली होती आणि तो पुढच्या लागवडीसाठी राखलेली बेण्याची कोनफळं भाजायला निघाला होता. नव्या पंथाच्या गुरूनं बजावलं होतं, प्रभू शनिवारी येणार. जो बेणं राखून ठेवील तो अविश्वासी.

फुसिपाला सरळ जाऊन बेण्याच्या टोपलीवर बसली. तिथं बहिणीचा मान भावाहून मोठा; तिला हात धरून उठवणारा भाऊ टोंगात अजून जन्मायचाय.

"येशू स्वतः म्हणाला, तो दिवस फक्त पित्याला ठाऊक, पुत्रालाही नाही. तुझ्या गुरूला मात्र वारासकट कळला?"

"ताई, हळू बोल! शंका घेणाऱ्याचं नाव तो देवाच्या यादीतून खोडतो."

"देवाची यादी याच्या खिशात असते होय रे?"

बोलली खरी, पण तिलाही शंका आलीच. शनिवारी प्रभू खरंच आला तर? मग तिला भाचरं दिसली. नाही आला, तर पुढच्या वर्षी ही चौघं काय खाणार? पोरांच्या तोंडचा घास काढणारी शिकवण प्रभूची नव्हे, एवढं तिला पक्कं कळत होतं.

"मी उठणार नाही," ती म्हणाली.

लोपेतीनं रस्त्याकडे पाहिलं. गुरू चार माणसं घेऊन येत होता.  लोपेती तिच्याजवळ वाकून पुटपुटला, "ताई, खरंच उठू नकोस हं. त्यांच्यासमोर मी ऊठ म्हटलं तरी."