वाणाच्या ताटातलं गुलाबी पेन

शालनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याच ब्लाऊजला हुक लावत होते. बाही घट्ट झाली म्हणून आदल्याच दिवशी त्या माझ्या शिलाईच्या दुकानात येऊन भांडून गेल्या होत्या. दंड जाड झालाय हे काही त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही... झोपेतच गेल्या. दीड महिना झाला, कळंबातल्या आमच्या गल्लीत चुकल्याचुकल्यासारखं होतंय. मला तर भांडायलाच कुणी उरलं नाही.

ताई आमच्या शेजारी. शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून उभी हयात काढून निवृत्त झाल्या, पण पोरं त्यांना सोडायला तयार नव्हती. क्लास सुटला की अकरावी-बारावीची मुलंमुली त्यांच्या ओसरीवर. घरी सांगता येत नाही ते तिथं सांगायची, कारण ताई एकाचं दुसऱ्याला कधी सांगत नसत. त्यांचं ओरडणं फक्त माझ्यासारख्या मोठ्यांच्या वाट्याला यायचं.

तीन वर्षांपूर्वी संक्रांतीला त्यांनी हळदी-कुंकू केलं. वाणाच्या ताटात कंगवे, डब्या, रुमाल आणि मधोमध चार-पाच रंगीत, चकचकीत वस्तू. "जिला जे आवडंल ते उचला गं," ताई म्हणाल्या. बायकांनी आधी त्या चकचकीत वस्तूच उचलल्या. कुणाला अत्तराची बाटली वाटली, कुणाला लिपस्टिक. मी गुलाबी पेन पटकावलं, कारण आमच्या सानिकाकडं अगदी तसंच होतं. वर ऐटीत सांगितलंही, "ह्याला चार्जिंग लागतं. म्या रोज लावून देते की पोरीला!" हल्ली पेनालाही चार्जिंग लागत असेल, असंच मी धरून चालले होते.

ताई म्हणाल्या, "बायांनो, ही वेप हाय. बॅटरीवरची सिगारेट. पोरांनीच आणून दिल्यात मला, रिकाम्या करून ठिवल्यात. घरात दिसली तर वळखता यावी म्हणून मांडल्या." उचललेलं सगळं भराभर ताटात परत आलं. पोरीचं व्यसन रोज न चुकता चार्ज करून देणारी आई अख्ख्या तालुक्यात मी एकटीच असेन! आज हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं.

मी तशीच उठले सानिकाला झोडपायला. ताईंनी मनगट धरलं. "आज हाणशील, उद्यापास्नं ती लपवून ओढंल. मी बोलते, तू तोंड उघडायचं न्हाय." एवढं अवघड काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

सानिका तेव्हा अकरावीत. ताईंनी तिला ओसरीवर बोलावून घेतलं, तर ती आपली बिनधास्त. "ह्यात तंबाखू न्हाय, वास न्हाय. आंब्याचा फ्लेवर हाय नुसता. सगळेच घेत्यात."

"आत काय हाय, ठाव हाय का?" ताईंनी विचारलं.

"लिक्विड."

"कसलं?"

तिनं खांदे उडवले.

"वांगी घेताना धा येळा उलटून बघतीस, आन् हे न बघता छातीत घेतीस व्हय?"

मग पोरगी रडायलाच लागली. आदल्या आठवड्यात मैत्रिणीनं 'नवीन आलंय' म्हणून त्यात भलतंच काहीतरी भरून दिलं होतं. दोन झुरक्यांत छाती धडधडायला लागली, भिंती हलल्यासारख्या झाल्या. आमच्याच घरात ती अर्धा तास मोरीत बसून होती आणि मी बाहेर मशीन चालवत होते. त्यात काय होतं, ते देणारीलाही माहीत नव्हतं.

"मला का न्हाय सांगितलंस?" मला राहवलंच नाही.

"तू मारलं असतंस..."

खरंच मारलं असतं. दुसऱ्या दिवशी ताई आम्हा दोघींना डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. सवय सुटायला चार-पाच महिने लागले. मध्ये दोनदा सानिका घसरली. दोन्ही वेळा ताईंनी तिला जवळ बसवून घेतलं आणि दम मला दिला.

सानिका आता लातूरला नर्सिंग शिकते. परवा दुपारी तिच्या मैत्रिणीची धाकटी बहीण दुकानात आली. असेल नववी-दहावीत. मला वाटलं, ड्रेसचं माप द्यायला आली. दारातच घुटमळली, मग तिनं मूठ उघडली. तळहातावर निळी, चकचकीत वस्तू.

"शालनताईंच्या घराला कुलूप हाय, म्हणून सानिकाताईला फोन केला," ती म्हणाली. "ती म्हणली, माझ्या आईकडं दे. आई वरडत न्हाय."

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं आणि तिला बसायला स्टूल दिलं.