फुटामागं एक सूत

नववीच्या वर्गावर होतो. शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, सांगलीचा फोन हाय. बाईमाणूस हाय, रडतीया." ऑफिसात जाईपर्यंत माझ्या मनात घरचेच सगळे येऊन गेले. तात्या मात्र मनात आले नाहीत. फोनवर सुनंदाताई होत्या, तात्यांची थोरली मुलगी. कुपवाडच्या कारखान्यात दुपारचा डबा खाऊन तात्या हात धुवायला उठले, छातीत कळ आली म्हणून लाकडाच्या ढिगावर बसले, आणि उठलेच नाहीत. साताऱ्याहून मिळेल ती एस.टी. पकडून मी निघालो, पण पोहोचलो तेव्हा माणसं नदीवरून परत फिरली होती. घराबाहेर चपलांचा ढीग होता आणि तात्यांची सायकल रोजच्या जागी, भिंतीला टेकून उभी होती. या गोष्टीला आज पाच आठवडे झाले. तात्या किती मोठ्या मनाचे होते हे कुपवाडात कुणीही सांगेल. मला त्यांच्याबद्दल एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. ती त्यांच्याच कानावर घालायची होती... ते राहून गेलं.

महादेव सुतार हे त्यांचं नाव. शिराळ्याजवळच्या आमच्याच गावचे. सातवीनंतर शाळा सुटली, वडिलांबरोबर बैलगाडीची चाकं केली, आणि गाड्या कमी झाल्यावर सांगलीला येऊन कुपवाडच्या एका फौंड्रीत लाकडी पॅटर्न करायला लागले. लोखंडाचा जो भाग ओतायचा त्याचा हुबेहूब नमुना आधी लाकडात करतात, तो वाळूत दाबून काढून घेतात, आणि उरलेल्या पोकळीत वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. आमच्या गावच्या बौद्धवाड्यातून बी.एस्सी.ला गेलेला मी पहिला. सांगलीत खोली शोधत फिरत होतो. नाव सांगितलं की खोली आहे, आडनाव सांगितलं की कालच दिली, असं तीन ठिकाणी झालं. हे गावाकडून तात्यांच्या कानावर गेलं. ते सायकलवरून कॉलेजच्या फाटकात आले आणि म्हणाले, "ए बीएस्सी, सामान कुठं हाय तुझं?" एक पत्र्याची पेटी होती. ती त्यांनी सायकलला बांधली. पुढची चार वर्षं मी त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत राहिलो, त्यांच्या ताटाला ताट लावून जेवलो. भावकीतलं कुणी काही बोललं असेल तर ते त्यांनी माझ्यापर्यंत कधी येऊ दिलं नाही. शेवटपर्यंत त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. बीएस्सी हेच माझं नाव.

त्यांच्याजवळ एक पोलादी पट्टी होती. एकदा मी ती वही आखायला घेतली आणि माझ्या कंपासपेटीतल्या पट्टीशी ती जुळेना. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा थोडा मोठा होता. मी म्हणालो, "तात्या, तुमची पट्टी खोटी आहे." ते हसले. "खोटी न्हाई रं. वाढीव हाय. बीड निवताना आकसतंय. फुटामागं एक सूत. तेवढं आदीच धरून चालावं लागतंय, न्हाईतर माल कमी भरतो." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. खंडेनवमीला त्या पट्टीला हळद-कुंकू वाहिलं जायचं. आमच्या घरात देव नव्हते आणि मी विज्ञानाचा विद्यार्थी, त्यामुळे मी दर वर्षी वाद घालायचो आणि तात्या दर वर्षी तितक्याच आनंदानं घालायचे. "पट्टीला काय कळतंय तुमच्या कुंकवातलं?" असं मी म्हटलं की ते म्हणायचे, "तिला न्हाई कळत गड्या, मला कळतंय. वर्सातनं एक दिस तरी हत्याराम्होरं मान खाली घालावी माणसानं." वाद कितीही तापला तरी उठताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे. पत्राच्या शेवटी लिहितात तसं ते तोंडानं म्हणायचे, "चूकभूल द्यावी घ्यावी, बीएस्सी." आणि कामाला लागायचे.

पदवीनंतर नोकरी मिळेपर्यंत मी विश्रामबागेत एका सायबर कॅफेत बसत होतो. सांगलीत इंटरनेट तेव्हा नवंच होतं. तीन कॉम्प्युटर, फोनच्या लाइनमधून येणारी ती किरकिर, आणि मध्येच तुटणारी जोडणी. सुट्टीच्या दिवशी सकाळी तात्या डोकावले. "ह्यात म्हणं जगातलं कोनबी कोनासंगं बोलतं. खरं व्हय?" मी त्यांना एक इंग्रजी चर्चागट दाखवला. विज्ञान, धर्म आणि रोजच्या जगण्यातले भौतिकशास्त्राचे प्रश्न, असा त्याचा मामला. कोणी कुठला, कोणी कुठला, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं कडाकडा भांडत होती. त्या दिवशीचा प्रश्न असा होता की मधोमध भोक असलेला लोखंडी पत्रा तापवला तर भोक मोठं होईल की लहान? लोखंड सगळीकडून फुगणार म्हणजे भोक बुजत जाणार, असं बऱ्याच जणांनी ठासून लिहिलं होतं. मी मराठीत सांगितलं तसे तात्या इतके मोठ्यानं हसले की शेजारच्या खुर्च्यांवरची मुलं वळून बघायला लागली. "ह्यांनी कवा गाडीच्या चाकावर धाव चढीवलेली दिसत न्हाई! लिव. आमी धाव, म्हंजी चाकावरचं लोखंडी कडं, चाकापरीस जरा लहानच करतो. लाल तापीवली की मोठी हुती, चाकावर बसती. वरनं पाणी ओतलं की आकसून अशी आवळती की बैल मरंल पण धाव निघायची न्हाई." मी इंग्रजीत लिहिलं. खाली नाव घातलं: एक सुतार, सांगली.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं होतं. कॅनडातले एक निवृत्त शिक्षक, नाव वॉल्टर. त्यांच्या आजोबांनीही बर्फाच्या मुलखात अशाच धावा चढवल्या होत्या. वॉल्टर देव मानत नव्हते आणि तात्या मानत होते, त्यामुळे दोघांचं छान जमलं. तात्या त्यांना वाल्टरराव म्हणायला लागले. दर सुट्टीला सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून यायचे. जणू काही वाल्टरराव समोर बसलेले असणार होते. ओलं कापड वाऱ्यावर गार का लागतं, चालती सायकल पडत का नाही, विजेनं देव मारला की नाही... विषयाला तोटा नव्हता. तात्या बोलायचे, मी टाइप करायचो. संपलं की ते विचारायचे, "शेवटचं घातलंस न्हवं?" शेवटचं म्हणजे चू.भू.द्या.घ्या. मी म्हणायचो, "घातलं."

मी ते एकदाही घातलं नव्हतं.

पहिल्यांदा इंग्रजीत कसं म्हणावं हे सुचलं नाही म्हणून सोडलं. मग वाटलं, वादात असं लिहिलं तर आपणच डळमळीत दिसू. पुढं पुढं मी इतरही गाळायला लागलो. कुणीतरी आपल्याकडच्या नागपूजेची टिंगल केली होती. तात्यांनी सांगितलं, "नाग दूध पीत न्हाई, हे शिराळ्याच्या शेंबड्या पोरालाबी ठावं हाय. पर पंचमीला आमी करवत हातात धरत न्हाई. एक दिस कुणाला कापायचं न्हाई, एवढंच." मी पहिलं वाक्य पाठवलं. दुसऱ्याची मला लाज वाटली. उलट मी माझ्या पदरची धार लावायचो. गटावर एकानं लिहिलं की या सुताराचं इंग्रजी आमच्या प्राध्यापकांपेक्षा सरस आहे. ते वाक्य मी किती वेळा वाचलं असेन! कॉलेजात माझ्या इंग्रजी उच्चारांना मुलं हसत. इंग्रजीबद्दल कुणी मला शाबासकी दिल्याची ती पहिलीच वेळ होती. ती तात्यांच्या नावावर आली होती आणि मी ती मनातल्या मनात खिशात घातली.

मग तो प्रश्न आला. थंड होताना सगळ्याच वस्तू आकसतात का? तात्यांचं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. "बीड, पितळ, ॲल्युमिनियम, मी जे जे वतताना बघितलं ते निवताना आकसलं. बाकीच्याचं मला ठावं न्हाई. चूकभूल द्यावी घ्यावी." मी लिहिलं की निवताना प्रत्येक पदार्थ आकसतो, आणि ज्यानं तीस वर्षं हातानं काम केलं त्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. गोठताना पाणी फुगतं हे मी शाळेत पाठ केलं होतं, त्यावर मार्क मिळवले होते. लिहिताना आठवलंसुद्धा नाही. वाक्य झोकदार झालं होतं.

वॉल्टर भडकले. आमच्याकडे दर हिवाळ्यात नळ फुटतात ते काय पाणी आकसून, असं त्यांनी विचारलं. पुढं लिहिलं, आपल्या अनुभवापलीकडे काही असू शकतं हे ज्याला मान्यच नाही, त्याच्याशी बोलून काय उपयोग? जगातले धर्म अशाच माणसांनी बिघडवले. हे तात्यांना उद्देशून! ज्या माणसानं आयुष्यभर फुटामागं एक सूत जागा सोडली, त्याला! मी तात्यांना एवढंच सांगितलं, "वाल्टरराव म्हणतात, पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्या कॅफेत आले ते हातात तडकलेली बाटली घेऊन. औषधाची रिकामी बाटली काठोकाठ भरून, बूच घट्ट लावून, त्यांनी ओळखीच्या आइस्क्रीमवाल्याच्या फ्रीजरमध्ये ठेवली होती. बर्फ आत तसाच होता, काच उभी चिरली होती. दिवाळीचा किल्ला दाखवणाऱ्या मुलासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. "म्हाताऱ्याचं खरं हाय, बीएस्सी! लिव त्याला. म्हणावं, पाण्याचं मला म्हाईत नव्हतं, तुमी शिकीवलं. आता माझा एक सवाल हाय. समदं आकसतं आन् पाणीच का फुगतं? आन् फुगतं म्हणूनच तरंगतं न्हवं? तळाला बसलं असतं तर तुमच्याकडचं मासं जगलं असतं का? ह्यात कुणाची योजना हाय का न्हाई, ह्याच्यावर आपण भांडू. शेवटचं घाल."

मी बोटं चालवली. पण पाठवलं नाही. ते पाठवायचं तर आधीचं वाक्य तात्यांचं नव्हतं, माझं होतं, हे लिहावं लागणार होतं. ज्या इंग्रजीची तारीफ झाली तिनंच घोटाळा केला हे जाहीर करावं लागणार होतं. मी मान वर करून म्हणालो, "पाठवलं."

त्यानंतर दर सुट्टीला ते यायचे. "आलं का?" "नाही, तात्या." खरं तर एकदा आलं होतं. महिनाभरानं वॉल्टरनी दोन ओळी लिहिल्या होत्या, की मी फार कडक बोललो, सुतार बरे आहेत ना? त्याखालीही मी काही लिहिलं नाही. आता काय लिहायचं, आणि इतके दिवस का लिहिलं नाही म्हणून काय सांगायचं... जूनमध्ये साताऱ्याच्या शाळेत नोकरी लागली. निरोप द्यायला तात्या स्टँडवर आले होते. गाडी सुटताना खिडकीशी येऊन म्हणाले, "वाल्टररावाचं काय आलं तर कळीव." गेल्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा पुन्हा विचारलं. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मनाला लावून घेणारा दिसतोय. का वारला असंल रं? थंडीचा मुलूख..." मग पायरीवर बसून पायातला काटा काढावा तसं सावकाश म्हणाले, "माझंच काय तरी बोलण्यात वाकडं गेलं असणार." तेव्हा सांगायला हवं होतं. चहा समोर होता, घरात तिसरं कुणी नव्हतं, आणि मी म्हणालो, "नाही हो तात्या, तसं काही नसेल."

तेराव्याला सुनंदाताईंनी मला आत बोलावलं. देवघराच्या फळीवर, फोटोंच्या शेजारी, ती तडकलेली बाटली ठेवलेली होती. ताईंनी पट्टी माझ्या हातात दिली. "तुमच्यासाठीच म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांनी. तुमचं लई कवतिक होतं त्यांना. म्हणायचे, मी बोलतो ते साधंच असतंय, पर बीएस्सी लिवतो तवा त्याला वजन येतंय." बाहेर येऊन त्यांच्या सायकलपाशी उभा राहिलो.

साताऱ्यात परतल्यावर पहिल्या रविवारी मी इथल्या कॅफेत गेलो. वॉल्टर यांच्या जुन्या ई-मेल पत्त्यावर सगळं लिहिलं. बाटली, मासे, योजनेचा सवाल, करवत न धरण्याचा दिवस, आणि ते वाक्य माझं होतं हेही. सुतार गेले, असंही लिहिलं. माझं इंग्रजी या वेळी अगदी साधं झालं. शेवटी इंग्रजी अक्षरांत चूकभूल द्यावी घ्यावी असं जसंच्या तसं लिहिलं आणि खाली दोन ओळींत त्याचा अर्थ दिला. तेव्हापासून दर रविवारी जातो. कॅफेवाला मला बघूनच मान हलवतो. "न्हाई आलं, सर."

पट्टी माझ्या टेबलावर आहे. हे टेबल बाजारच्या फुटानं बरोबर चार फूट आहे. काल तात्यांच्या पट्टीनं मोजलं, तर अर्धा इंच, म्हणजे चार सुतं, कमी भरलं. पुन्हा मोजलं. तेवढंच भरलं.