देवीच्या डोक्यावरून पोहणारी

गणूकाकांच्या उजव्या हातात गावदेवीचा चांदीचा मुखवटा होता आणि डाव्या हातात मोबाइल. होडी एका अंगाला कलली, कड धरायला एक हात मोकळा करणं भाग पडलं, आणि हातांनी काकांना न विचारताच निर्णय घेऊन टाकला. होडी सावरली तेव्हा मोबाइल सुखरूप होता. त्यातून त्यांची लेक दिशा पुण्याहून विचारत होती, "बाबा, नुसतं आभाळ दिसतंय. देवी कुठाय?"

देवी पाच पुरुष खोल पाण्याच्या तळाकडे निघाली होती.

दिशाचा तसा काही दोष नव्हता. तिला सातवा महिना लागलेला, यंदा गावाला येणं जमणार नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉलवर दर्शन घडवा एवढंच ती म्हणाली होती. बसूनही घडवता आलं असतं. पण बसून दाखवलेली देवी ठेंगणी दिसेल असं वाटून काका होडीत उभे राहिले. नावाडी हनुमान त्यांना दोनदा 'बसा' म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायची वेळ आली नाही.

डोळखांबच्या अंगाला डोंगरात एक लहानसं धरण आहे आणि त्याच्या पाण्याखाली गणूकाकांचं जुनं गाव आहे. गाव वर सरकलं तेव्हा काका सात वर्षांचे होते. माणसं आली, गुरं आली, कौलं नि वासे आले, देवीही आली. पण नवं देऊळ तिला मानवेल की नाही, याची जुन्या लोकांना खात्री वाटेना. म्हणून त्यांनी एक तोड काढली. जत्रेच्या तीन दिवस आधी मुखवटा होडीतून न्यायचा. पलीकडच्या काठावरचं उंबराचं झाड आणि त्यामागची डोंगराची खिंड एका रेषेत आली की थांबायचं, कारण त्याच्या बरोबर खाली जुनं देऊळ. तिथलं पाणी देवीला लावायचं आणि परत फिरायचं. सासुरवाशिणीने माहेरच्या उंबऱ्याला पाय लावून यावं तसं. हा मान दर वर्षी एकेका घराकडे जातो. पन्नास वर्षं देवी नुसती उंबऱ्याला पाय लावून परत येत होती. माहेरी मुक्कामाला राहिली ती गणूकाकांच्या पाळीला.

काठावरच्या ढोलवाल्यांना काही कळलंच नाही. ते आणखी दहा मिनिटं रंगात येऊन वाजवत राहिले. एवढा लांबलेला ढोल काकांनी जन्मात ऐकला नव्हता.

मग गावाने आपले उपाय केले. पट्टीच्या चार पोहणाऱ्यांनी उड्या टाकल्या. तिघांचा दम अर्ध्या वाटेवर संपला. चौथ्याचा हात तळाला लागला, पण त्याने गाळ असा काही उसवला की पाण्याचा चहा झाला. हनुमानाने कुठून तरी मोठा लोहचुंबक आणून दोरीने खाली सोडला. दुपारभरात त्याने तीन खिळे, एक विळ्याचं पातं आणि किल्ली नसलेलं कुलूप वर काढलं. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे वत्सलाकाकूंनी सांगितलं, तोवर उन्हं उतरली होती. त्या दिवशी काकूंनी आपल्या नवऱ्याला, गणूकाकांना, संध्याकाळचा चहाचा कप हातात न देता त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला.

हा झाला गुरुवार. रविवारी जत्रा. मुखवट्याशिवाय पालखी निघत नाही, आणि पालखी निघाली नसती तर ते साल पुढची पन्नास वर्षं 'गणूचं साल' म्हणून ओळखलं गेलं असतं. लग्नं, जन्म, म्हशींची वेतं, सगळं गणूच्या सालाआधी की नंतर, अशाच हिशेबाने सांगितलं गेलं असतं.

उपाय कोण, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नाव फक्त गणूकाकांच्या घशात अडकत होतं. वरच्या पाड्यावरच्या ठकीची रंजिता.

रंजिता तिकडे अंदमानच्या एका बेटावर माणसांना समुद्राच्या तळाशी नेते आणि परत आणते. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून आठ दिवसांच्या रजेवर आली होती. खरं तर देवीनेच तारीख बघून बुडी मारली असावी, इतकं जुळून आलं होतं. अडचण होती ती अठरा वर्षांपूर्वीची. ही पोर तेव्हा बारा वर्षांची. एका दुपारी ती पोहत पोहत थेट उंबर-खिंडीच्या रेषेवर पोचली. गणूकाकांनी काठावरून हाका मारून तिला बाहेर काढलं, आणि तेवढ्याने समाधान होईना म्हणून पाड्यावर जाऊन चार लोकांदेखत ठकीला सुनावलं, की तुझी पोरगी देवीच्या डोक्यावरून पोहते. ठकीने तिला सहा महिने पाण्यात पाय घालू दिला नाही.

पुढे बारावी झाल्यावर तिने शहापूरला हॉटेलकामाचा कोर्स केला आणि त्या बेटावर खोल्यांच्या चादरी बदलायची नोकरी धरली. ती एसटीत बसत होती तेव्हाही काका तिथे होतेच. इथल्या चादरी संपल्या काय गो, असं त्यांनी तिला विचारलं होतं, आणि स्वतःच हसले होते. तिकडे वर्षभर ती चादरीच बदलत होती. मग एक दिवस एक पाहुणी बाई किनाऱ्याजवळ गटांगळ्या खायला लागली. रंजिता खांद्यावरची चादर तशीच घेऊन पाण्यात शिरली, चादरीचं टोक बाईच्या हाती दिलं आणि तिला ओढून आणलं. पाण्याखाली बुडी मारायला शिकवणारा तिथला उस्ताद हे बघत होता. चादरी दुसरं कोणीही बदलेल, असं म्हणून त्याने तिला शिकायला घेतलं.

पहिल्यांदा रजेवर आली तेव्हा तिने व्हिडिओ दाखवले. सगळा पाडा ठकीच्या पडवीत जमला होता. पाण्याखाली दगडाचं रान होतं, पोवळ्यांचं. फणसाएवढे गड्डे, पळसाच्या पानांसारखे पंखे, आणि त्यांच्यामधून पोपटांच्या थव्यासारखे वळणारे मासे. ही झाडं नाहीत, जिवंत जनावरं आहेत, नुसता हात लागला तरी मरतात, असं रंजिताने सांगितलं. ठकीने विचारलं, ती शिजवतात कशी. मग आलं बुडालेलं जहाज. त्याचं लोखंड भाकरीच्या पापुद्र्यासारखं सुटलेलं, आणि त्याच्या स्वयंपाकघरात माशांचा संसार. हे बघायला लोक विमानाने येतात हे ऐकल्यावर पाड्यावरच्या म्हाताऱ्यांच्या माना धरणाकडे वळल्या. बुडालेलं बघायला विमानाने यायचं असेल तर आपल्या खालच्या गावाने काय घोडं मारलंय, असं प्रत्येकाच्या मनात आलं असणार.

काकांना हे सगळं ऐकून ठाऊक होतं. व्हिडिओ बघायला ते गेले नव्हते. कोणत्या तोंडाने जाणार?

शुक्रवारी सकाळी त्याच तोंडाने ते पाडा चढून गेले. ठकी काळा चष्मा लावून अंगणात बसली होती.

"कोण?"

"मी, गणू."

"देवी बुडवली तो?"

"तोच," काका म्हणाले, आणि ओट्याच्या कडेला टेकले.

रंजिता आईच्या डोळ्यात थेंब घालायला बाहेर आली. काकांनी आधी अंदमानच्या हवेची चौकशी केली. मग ऑपरेशनची. मग परतीच्या विमानाची. रंजिता बाटलीचं झाकण लावून शांतपणे वाट बघत होती. शेवटी काकांकडे विचारायला काही उरलं नाही, तेव्हा तीच म्हणाली, "आता देवीच्या डोक्यावरनं पोहलेलं चालेल काय, काका?"

"चालेल," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "आमीच सांगतो, चालेल."

त्यावर ती हसली नाही की टोमणाही लांबवला नाही. लगेच कामाचं विचारायला लागली. पाणी किती, तळ कसा, नक्की कुठे पडली. काकांनी उंबर आणि खिंड सांगितली, तेव्हा मात्र तिचा चेहरा खुलला. तिकडचे कोळीही बुडालेलं जहाज असंच शोधतात, म्हणाली, माडाचं झाड आणि दिव्याचा खांब एका रेषेत धरून.

तोंडात धरायचं हवेचं यंत्र तिने मुंबईत दुरुस्तीला द्यायला म्हणून बरोबर आणलं होतं, ते दुरुस्त होऊन आलं होतं. प्रश्न सिलिंडरचा होता. कल्याणला तिच्या ओळखीचा एक पाणबुड्या निघाला. त्याच्याकडे भरलेला असा एकच होता. त्याने तो शनिवारी सकाळी हनुमानाच्या हवाली केला. पाऊण तासाची हवा. त्यात सापडली तर सापडली.

होडी रेषेवर थांबली. रंजिताने दोरी बांधलेला एक जड दगड हलकेच तळाला सोडला आणि काकांना समजावून सांगितलं. त्या दगडाभोवती ती गोल फिरणार. एक फेरी झाली की हातभर दोरी वाढवणार, की पुढची फेरी. तळाला पाय लावायचा नाही, नाहीतर गाळ उठतो आणि मग आपलाच हात आपल्याला दिसत नाही.

"मळणीसारखं," ती म्हणाली. "दगड म्हणजे तिवडा, नि बैल मी."

म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत उभी हयात बैल पारखण्यात गेलेल्या गणूकाकांना हे एका दमात कळलं. खळ्यावर मधल्या खांबाभोवती बैल फिरतो तेव्हा एक लोंबी सुटत नाही. मुखवटा कसा सुटेल?

तिकडे समुद्रात ती कधी एकटी खाली जात नाही, जोडीला कोणीतरी असतंच, असंही तिने सांगितलं. इथे जोडीला दुसरी दोरी. तिचं एक टोक तिच्या कमरेला, दुसरं होडीत. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोडा. तीन म्हणजे सापडली. होडीतून झटका दिला आणि खालून उत्तर नाही आलं, तर विचार न करता ओढायचं.

"ही धरणार कोण?" हनुमानाने विचारलं.

"काका धरतील," रंजिता म्हणाली. "दोन्ही हातांनी."

ती गेली आणि पाण्यावर बुडबुडे उरले. ते संथपणे गोल फिरायला लागले. काका दोरी धरून त्यांच्याकडे बघत बसले. काठावर सगळं गाव उभं होतं, पण ढोल कोणी आणले नव्हते. ठकी काळ्या चष्म्यातून नुसता उजेड बघत शेजारणीला दर मिनिटाला विचारत होती, बुडबुडे आहेत काय गो. आहेत, म्हणून शेजारीण सांगत होती. काकांनी आधी देवीचा धावा केला. दहा मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं की आपण देवीसाठी नाही, पोरीसाठी करतोय. चांदीचा मुखवटा दुसरा घडवता येतो.

अर्धा तास उलटला आणि बुडबुडे एका जागी थांबले. काकांनी एक झटका दिला. उत्तर नाही. हनुमान वल्हं टाकून पुढे सरकला. काकांनी दोरी मनगटाला गुंडाळली, पाय होडीच्या फळीला रोवले आणि ओढायला सुरुवात करणार, तेवढ्यात खालून झटका आला. एक. मग, हातातलं काहीतरी नीट धरून घ्यावं इतका वेळ थांबून, तीन.

वर येताना ती मध्येच पाण्यात तीन मिनिटं थांबली. तो त्यांच्या धंद्याचा नियम आहे, रक्तात मुरलेली हवा हळूहळू बाहेर पडावी म्हणून. होडीत कोणाला तो माहीत नव्हता. त्या तीन मिनिटांत काकांनी पुढच्या तीन वर्षांचे नवस बोलून घेतले.

मग आधी पाण्यातून देवी आली, गाळाने माखलेली. मागोमाग रंजिता.

"गाभाऱ्यात होती ना गो?" काकांनी विचारलं. गावाला तेच ऐकायचं होतं.

"नाय. गाळात, पालथी," रंजिता म्हणाली. "देवळाच्या पायऱ्यांच्या उजव्या हाताला एक उखळ हाय जमिनीत पुरलेलं, त्याला टेकून. वेळ लागला तो तिथंच. उखळात एक मासा राहतो, तो हटायला तयार नाय."

काकांनी वाकून पाण्यात पाहिलं. देवळाच्या उजव्या हाताला पहिलं घर त्यांचं. पडवीत आईचं उखळ होतं. गाव सोडताना गाडी भरली तेव्हा आई म्हणाली होती, उखळ पुढच्या खेपेला काढू. पुढची खेप झालीच नाही, त्याआधी पाणी आलं. आई जाईपर्यंत दर पावसाळ्यात त्या उखळाची आठवण काढायची.

"तू ते हलवलं नाय ना?"

"आमी खालचं काय हलवत नाय काका. मासा पण तिथंच हाय."

काकांनी मान हलवली, पुन्हा हलवली. अठरा वर्षांपूर्वी ठकीच्या अंगणात बोललेलं परत घ्यायचं होतं. त्यासाठी त्यांनी रात्री एक भलं मोठं वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं, त्यात उपकार होते, सात जन्म होते. त्यातलं आत्ता एवढंच बाहेर आलं, "मी तवा चुकलो गो, रंजिता."

रंजिता नाकातलं पाणी पुसत 'हं' म्हणाली आणि पायातले पोहण्याचे पंखे सोडायला लागली. काठावर कोणीतरी पळत जाऊन ढोल आणला होता, तो वाजायला लागला. ठकी चष्मा सावरत उठून उभी राहिली होती आणि भलत्याच दिशेला हात करून सगळ्यांना सांगत होती, माझी पोरगी ती, ती बघा.

एवढ्यात खिशात मोबाइल वाजला. दिशा. आपल्यापायी देवी बुडाली म्हणून दोन दिवस तिकडे पोरगी अन्नाला शिवली नव्हती. काकांनी घाईने फोन उचलला. उजव्या हातात देवी, डाव्या हातात मोबाइल, आणि देवी, रंजिता, उंबर, खिंड सगळं एकदम दिसावं म्हणून ते उठून उभे राहिले. हनुमान म्हणाला, "बसा."

"दिशा, ही बघ देवी. नि ही बघ, हिच्यामुळं मिळाली, ही आपली रंजिता. रंजिता, दोन शब्द बोल गो तिच्याशी."

रंजिताने दोन्ही हातांनी होडीची कड धरली.

"मोबाइल खिशात टाका काका, सिलिंडर संपलाय."